केळ्यांचं ग्लिसरीन

सदुसष्टचा हिवाळा. जळगावच्या कॉलेजात प्रेमकुंवर चुकीचं दार ढकलून आत शिरली, तर एक उंच तरुण काचेच्या बरणीला कान लावून बसलेला. खोलीभर केळ्यांचा आंबूस वास...

"दार लावा — त्यांना गारठा सोसत नाही."

"कोणाला?"

"यीस्टला. ऐका."

तिनेही कान टेकवला. आत बारीक बुडबुडे फुटत होते... आणि त्याचे डोळे फार जवळ होते.

तो धनसिंग. शिरपूरचा, प्रयोगशाळेत मदतनीस. फैजपूरची टाकाऊ केळी यीस्ट घालून आंबवायची; त्यात सल्फाइट टाकलं की दारू कमी आणि ग्लिसरीन जास्त सुटतं — हेच त्याचं वेड. मग रोज तास सुटला की प्रेमकुंवर बरण्यांचं तापमान बघायला येऊ लागली.

"सगळे तुम्हाला धनसिंगभाऊ म्हणतात. मी काय म्हणू?"

"भाऊ सोडून काहीही..."

ती तापमापकाकडे बघत राहिली. आकडा काही केल्या दिसेना.

फेब्रुवारीत पहिली बाटली भरली. तिच्या उललेल्या बोटांवर त्याने एक थेंब टेकवला.

"तुझ्या बाबूजींना भेटू?"

"भेटा," ती म्हणाली.

तिचे बाबूजी मिश्रीलालजी कापडाचे व्यापारी, जैन धर्म कडक पाळणारे. त्यांनी बाटली उजेडात धरली, सगळी कृती शांतपणे ऐकली.

"म्हणजे यात जीव असतात?"

दाराआड प्रेमकुंवर कान देऊन उभी होती. नाही म्हण... एकदाच.

"कोट्यवधी," धनसिंग म्हणाला. "शेवटी उकळताना सगळे मरतात."

"खरं बोललात. पण आम्ही पाणीसुद्धा गाळून पितो. तुमच्या घरी मुलगी कशी देऊ?"

आठवडाभरात धुळ्याच्या लखीचंदजींच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं.

ती शेवटची भेटायला आली, तेव्हा धनसिंग रिकाम्या बरण्या धूत होता.

"खोटं का नाही बोललात?"

"खोट्यावर तुला न्यायचं नव्हतं."

"मला चाललं असतं." तिचा आवाज फाटला. "तुम्ही जीव नाहीत म्हणाला असतात, तरी त्यांनी जात काढली असती. मला ठाऊक होतं... तरी भेटा म्हटलं."

"मलाही ठाऊक होतं," तो म्हणाला. "तरी गेलो."

बाहेर घंटा झाली. तिने पदर सावरला, दारापर्यंत गेली. जाते म्हणायची आपल्यात रीत नाही... म्हणून ती म्हणाली,

"येते."