मागच्या खोलीतला रेडिएटर

ज्यांना पटणार नाही, त्यांनी खुशाल सोडून द्यावं. पण हे माझ्या धाकट्या बहिणीच्या, जीनेटच्या घरात घडलं, आणि तिने स्वतः मला सांगितलं.

हॅलिफॅक्स. एक्क्याऐंशीचा डिसेंबर. खिडक्यांच्या काचांवर आतून बर्फ.

आम्ही दोघी कोळशाच्या शेगडीपुढे वाढलेल्या. या नव्या घरात बॉयलरचं गरम पाणी पंपाने पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत फिरायचं; जीनेटला ते सगळं कोडंच होतं. नवरा रॉय गिरणीत गेलेला. वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत तिची तीन महिन्यांची लेक हीदर, छाती भरलेली. खोली गार पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

आणि नेमका त्याच खोलीतला रेडिएटर थंडगार.

"हवा अडकलीय गं," शेजारच्या एथेलमावशी अंगणाच्या भिंतीवरून म्हणाल्या. "वरचा स्क्रू त्याच्या छोट्या किल्लीने जरा सैल कर. फुस्स करून हवा जाईल. पाणी आलं की बंद. खालच्या मजल्यापासून सुरू कर. आणि फडकं धर, नाहीतर रॉय म्हणेल, बायकोने गालिचा काळा केला!"

खालचे रेडिएटर फुसफुसले, काळं पाणी थुंकले, तापले.

मग मागची खोली.

फुस्स्...

हवा येतच राहिली. पाणी नाही.

मग ती थांबली... आणि हातातलं फडकं त्या भोकाला चिकटलं.

रेडिएटर हवा आत ओढत होता.

जीनेटने खिडकी उघडली. "मावशी, हा श्वास घेतोय!"

"वेडाबाई, पंप चालूच ठेवलास ना? मग ओढणारच तो! बंद कर आधी."

स्वतःलाच हसत तिने खाली जाऊन पंप बंद केला. पाइपांची घरघर थांबली. ती वर आली.

फडकं हलत होतं.

बाहेर... आत... बाहेर...

तिने घाबरून किल्ली आवळली.

शांतता.

फार शांतता... पाळण्यातली घरघरही थांबली होती.

हीदरचे ओठ निळे. जीनेटने तिला उचललं, पाठीवर थोपटलं, हाका मारल्या. काही नाही. मग का कोण जाणे, तिचा हात किल्लीकडे गेला.

फुस्स्...

हीदरने श्वास घेतला.

बर्फ वितळल्यावर दुरुस्तीवाला आला. त्याने रेडिएटरखालच्या जमिनीच्या फळ्या उचलल्या आणि टोपी मागे सारली.

"बाई, थट्टा करता होय? याला पाइप जोडलेलेच नाहीत. नुसतं पोकळ लोखंड आहे हे."

जीनेटने तो काढू दिला नाही. स्क्रू कायम सैल. किल्ली तिच्या गळ्यात. लेकीला तिने कधी काही सांगितलं नाही, आणि मलाही सांगू दिलं नाही.

जीनेट गेली. हीदर आता चाळिशी ओलांडून त्याच घरात राहते. धडधाकट आहे.

काल मला तिच्या नवऱ्याचा फोन आला. खुशीत होता.

"मावशी, मागची खोली रंगवतोय. ते जुनं धूड उद्या सकाळी काढून टाकतो. सारखं फुसफुसत होतं, म्हणून आत्ताच पकडीने स्क्रू आवळला..."

मी ओरडले. फोन केव्हाच ठेवलेला होता.

तेव्हापासून लावतेय. कुणी उचलत नाही.