दोन टकटक, एक उत्तर

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

आणि खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने सेलूला जाऊन भुजंगरावांना विचारावं. ते सांगतील की नाही, ते मात्र मला माहीत नाही.

तारीख पक्की लक्षात आहे. १६ एप्रिल २०२४, मंगळवार. वेळ अडीचच्या आसपास. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

मी केयूर. वडील सेलूच्या शाळेत गणिताचे मास्तर होते, त्यामुळे आमच्या घरात भुताचा विषय निघाला की आधी पुरावा मागितला जायचा. मीही तसलाच. स्पर्धा परीक्षेत चारदा आपटलो, तिशी जवळ आली, तेव्हा वडिलांशी भांडून वेल्डिंग शिकायला गेलो. आमच्या गल्लीत हा महिनाभर चघळायचा विषय होता.

भुजंगरावांचं शेड कापसाच्या जिनिंगच्या मागच्या रस्त्याला आहे. आसपासच्या तीन तालुक्यांत ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करणारा तो एकच माणूस. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात.

पहिले पंधरा दिवस त्यांनी मला फक्त ब्रश मारायला लावला. स्टीलच्या तारेचा ब्रश, तोही वेगळा ठेवलेला. लोखंडावर एकदा जरी फिरवला तरी शिव्या. ॲल्युमिनियमवर न दिसणारी एक साय असते, ती काढल्याशिवाय वेल्ड धरतच नाही. मग उजव्या हातात वेल्डिंगचा टॉर्च, डाव्या हातात भरायची सळी, पाय करंटच्या पेडलवर. धातू वितळून आरशासारखा चमकला की सळीचं टोक बुडवायचं, उचलायचं, पुढे सरकायचं.

ऐकायला सोपं आहे. पहिल्या महिन्यात मी इतक्या पट्ट्यांना भोकं पाडली की उस्ताद म्हणाले, चाळण्यांचा कारखाना काढ.

एक वाक्य मात्र ते रोज म्हणायचे.

"लोखंड तापलं की लाल व्हतंय, सांगतंय. हे येडं काईच सांगत न्हाई. चमकतंय आन् एकदम खाली पडतंय."

मार्चपर्यंत माझा हात बसला. वाळूजच्या एका कंपनीने २२ एप्रिलला चाचणीला बोलावलं. ती पास झालो तर नोकरी, नाहीतर घरी बसून वडिलांचं तोंड बघायचं. मला पट्ट्या जोडता येत होत्या, पण खरं काम एकही केलेलं नव्हतं.

आणि तेव्हाच वालूरचे दत्तराव टाकी घेऊन आले.

दूध वाहायची जुनी टाकी, ॲल्युमिनियमची. त्यांनी भंगारातून घेतली होती, मोसंबीला पाणी न्यायला. वरून निळा रंग मारलेला. तळाच्या सांध्यातून गळत होती आणि सांधा नेमका गाडीच्या चासीच्या वर येत होता. आत उतरूनच वेल्ड करावं लागणार होतं.

उस्तादांनी टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, आमी टाकीचं काम करत न्हाई.

मला हे नवीन नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्यांचे दाजी, म्हणजे बहीण सविताबाईंचे मालक आदिनाथ, अशाच एका टाकीत काम करताना गुदमरून गेले होते. दोघं मिळून धंदा करायचे. एवढंच मला माहीत होतं. जास्त कोणी बोलायचं नाही.

पण मी मागे लागलो. दोन दिवस भुणभुण केली. हे एक काम जमलं तर चाचणीला छाती पुढे काढून जाईन, म्हणालो. तुमी बाहेर थांबा, मी आत जातो...

शेवटी ते तयार झाले. आजही वाटतं, मी तोंड बंद ठेवायला हवं होतं.

आत जाण्याआधी त्यांनी मला उभं करून नियम सांगितला.

"टॉर्चमधून वेल्डवर येतो ना, हा ग्यास पाण्यावानी खाली बसतो. वास न्हाई, रंग न्हाई. झोप लागल्यावानी माणूस जातंय. म्हणून दर टाक्याला, म्हंजे वेल्डचा एक तुकडा झाला की, सळीनं दोनदा ठोकायचं. मी भायेरून एकदा ठोकणार. दोन म्हंजे मी आत हाय. एक म्हंजे मी भायेर हाय. उत्तर न्हाई आलं की काम सोडून वर यायचं."

मग थांबून म्हणाले, "आन् ज्यानं एक ठोकलं, त्यानं आतला भायेर येईस्तोवर हलायचं न्हाई. मेला तरी न्हाई."

हे वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं नाही.

टाकीच्या तोंडावर पंखा लावला. मी आत उतरलो.

आत अंधार आणि उकाडा. टॉर्चची नळी माझ्या मागून खाली आलेली. मी गुडघ्यावर बसलो, तळाचा सांधा घासला आणि हेल्मेटवरचा दिवा त्यावर धरला.

तिथे एक जुना वेल्ड होता.

इतका सुंदर वेल्ड मी आजवर पाहिला नाही. माशाचे खवले असावेत तसा, एकसारखा. फक्त उलटा. आपण उजव्या हाताचे लोक उजवीकडून डावीकडे जातो, हा डावीकडून उजवीकडे गेला होता. डावखुऱ्याचं काम.

आणि मधेच तो थांबला होता.

पुढचा अर्धा सांधा दुसऱ्याच कोणीतरी कसाबसा भरला होता. भेग नेमकी तिथेच होती, पहिला हात थांबला त्या जागी.

मी जास्त विचार केला नाही. काम सुरू केलं.

पहिला टाका. दोनदा ठोकलं. टक टक.

बाहेरून उत्तर आलं... टक.

दुसरा टाका. टक टक.

टक.

हात छान चालला होता. तिसरा, चौथा, पाचवा. दर वेळी उत्तर लगेच येत होतं. इतकं लगेच, की माझी सळी पत्र्यावरून उचलण्याआधी.

मला बरं वाटत होतं. खूप बरं. डोकं हलकं झालं होतं आणि उगाच हसू येत होतं. चाचणी, वडील, नोकरी, कशाची फिकीर उरली नव्हती. वाटलं, इथेच पडून राहावं.

आठव्या टाक्याला वेल्ड अचानक काळा पडला.

काजळी धरली. गॅस आला नाही की असं होतं. मी पेडल सोडलं, हेल्मेट वर केलं. सगळीकडे शांत होतं. पंख्याचा आवाज नाही. रस्त्याचा नाही. माझ्या श्वासाचासुद्धा नाही.

मी दोनदा ठोकलं.

उत्तर आलं नाही.

पुन्हा ठोकलं. टक टक.

आणि मग आवाज आला...

टक टक.

एक नाही. दोन.

बाहेरून नाही. टाकीच्या दुसऱ्या टोकाकडून, तळातून. अंधारातून.

मी दिवा तिकडे फिरवला. पत्रा. नुसता रिकामा पत्रा.

टक टक.

आता अलीकडे. माझ्या गुडघ्याखालच्या पत्र्यावर. तो थरथरलेला मला हाताला कळला.

नियम मला पाठ होता. दोन म्हणजे मी आत आहे. त्याला एक उत्तर द्यायचं असतं. सळी माझ्या हातात होती.

मी उत्तर दिलं नाही. सळी टाकली आणि वर चढलो. शिडी कुठे, पाय कुठे, काही कळत नव्हतं. मागून तेच येत होतं, टक टक, टक टक... घाईने, जसं कोणी वाट बघून बघून घाबरलंय.

डोकं तोंडातून बाहेर निघालं आणि एकदम सगळे आवाज कानावर आदळले. पंखा. गाडीचा हॉर्न. आणि उस्ताद, माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, माझ्या नावाने बोंबलत होते. त्यांनी मला काखेत धरून ओढलं आणि आम्ही दोघंही खाली मातीत पडलो.

त्यांनी मला उठवून बसवलं. पाणी पाजलं. मग म्हणाले, दोन टाक्यांनंतर तुझा आवाजच आला न्हाई. मग मीबी ठोकलं न्हाई. वरून हाका मारल्या. शेवटी धावत जाऊन सिलिंडर बंद केला आणि परत आलो.

म्हणजे तिसऱ्या टाक्यापासून ते मला उत्तर देत नव्हते.

नळी नंतर बाहेर काढली तेव्हा तिला बोटभर चीर दिसली. उतरताना शिडीच्या कडेला कापली असणार. गॅस सगळा वेळ तळाशी साठत होता. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा वेळी माणसाला काहीही ऐकू येतं. वडिलांनी लगेच मान डोलावली. मीही डोलावली.

पण तो वेल्ड ऐकू आला नव्हता. मी पाहिला होता.

त्या संध्याकाळी मी उस्तादांना त्याबद्दल सांगितलं. उलट्या हाताचा, मधेच थांबलेला. ते उठले. पॉलिश पेपर घेऊन टाकीच्या मागच्या अंगाचा निळा रंग घासत राहिले. खाली जुन्या डेअरीचं नाव निघालं. त्यावर त्यांनी हात ठेवला.

आदिनाथ डावखुरे होते, आणि गेले ते ह्याच डेअरीच्या टाकीत.

मग त्यांनी मला विचारलं, आत अजून काय झालं. मी दोन टकटकांचं सांगितलं.

"तू उत्तर दिलंस?"

मी नाही म्हणालो. मला लाज वाटली, का ते माहीत नाही.

उस्ताद टाकीला पाठ लावून खाली बसले.

"मीबी दिलं न्हवतं," ते म्हणाले. "च्या प्यायला गेल्तो. धा मिन्टं. दाजी ठोकत असंल ना रं तवा..."

मग त्यांनी मागे हात नेला आणि बोटाच्या पेराने पत्र्यावर एकदा ठोकलं. एकदाच.

त्यानंतर आतून काही आलं का? मी ऐकायला थांबलो नाही. सरळ घरी गेलो.

टाकी त्यांनी दत्तरावांना परत दिली नाही. त्यांना दुसरी घेऊन दिली. ही शेडच्या मागे विटांवर ठेवलीय. उस्ताद दुपारी तिच्याजवळ जेवतात, रात्री तिच्याशेजारी बाज टाकून झोपतात. सविताबाई डबा आणतात आणि काही विचारत नाहीत. लग्नकार्याला, दवाखान्याला, कुठेही ते गेलेले नाहीत. ज्याने एक ठोकलं त्याने हलायचं नसतं.

मी चाचणी पास झालो. आता वाळूजला असतो. काम चांगलं चाललंय, लोक माझ्या वेल्डचं कौतुक करतात.

गेल्या आठवड्यात उस्तादांचा फोन आला. छातीत दुखतंय. परभणीला दोन दिवस ॲडमिट व्हायला सांगितलंय. आवाज फार बारीक झाला होता.

"दोनच दिवस कुणी हितं बसलं असतं तर," म्हणाले. "दुसऱ्याला कसं सांगू? तुला म्हाईत हाय म्हणून इचारलं."

मी म्हणालो, रजेचं बघून कळवतो.

रजा मिळते. मी विचारलं होतं.

आज दुपारी जेवायला बसलो होतो. आईने दिलेला जुना ॲल्युमिनियमचा डबा समोर होता, झाकण लावलेलं. कॅन्टीनमध्ये गोंगाट होता. तो एकाएकी बंद झाला...

टक टक.

मी डब्यावर हात ठेवला. पत्रा थरथरत होता.

उस्ताद अजून तिथेच बसले असतील. छातीवर हात ठेवून, टाकीला पाठ लावून.

मी अजून कळवलेलं नाही.