वरचं सप्तक

"पट्टी तुमचं ऐकत नाही म्हणे, मॅडम? माझं ऐकते का बघू."

मी वळून पाहिलं. सभागृहाच्या दारात तो उभा होता. शर्ट भिजलेला, खांद्याला हत्यारांची पिशवी.

चार दिवस सुरतेत ऊन नव्हतं. तापी गढूळ होऊन फुगलेली, हवा ओल्या फडक्यासारखी. त्या दमटपणात पियानोची एक पांढरी पट्टी खाली गेली की वर यायलाच तयार नव्हती. मुंबईचा ट्यूनर आजारी, माझ्या स्वतःच्या गावातला कार्यक्रम तीन दिवसांवर. आयोजक दिलीपभाई म्हणाले होते, "चिंता ना करो, बेन, योगराजला धाडतो." लिंबायतला राहतो, दिवसा कापडाच्या कारखान्यात लूम चालवतो, आणि नानपुऱ्यातल्या एका पारशी म्हाताऱ्याकडून पियानोचं काम शिकलाय, एवढंच मला कळलं होतं.

सतारवाला आपली सतार घेऊन फिरतो. मला मात्र प्रत्येक गावात परक्याच पियानोसमोर बसावं लागतं. दिल्ली, कोलंबो, व्हिएन्ना... बारा वर्षं झाली. टाळ्या होतात, फुलं मिळतात, आणि मग हॉटेलच्या खोलीत एकटीने गार झालेलं जेवण. म्हणून असेल, पियानोला हलक्या हातानं उघडणारा माणूस मला लगेच आपला वाटतो.

योगराजने अर्ध्या तासात पट्टी मोकळी केली. त्याची बोटं जाड होती, पण तारांवरून फिरताना कशी अलगद... मी बघतच राहिले. आणि तो बघत होता माझ्या ओठांकडे.

दुसऱ्या दिवशीही तेच. मी बोलले की त्याची नजर थेट ओठांवर.

"काय बघता सारखं?" शेवटी मी विचारलंच.

तो कानापर्यंत लाल झाला. "कारखान्यातली सवय आहे, मॅडम."

"अच्छा! कारखान्यात पोरी बऱ्याच दिसतात."

"चाळीस लूम आहेत. आणि माझा बाप."

मी खूप हसले. किती दिवसांनी हसले होते, कोण जाणे! तोही हसला, पण थोडा उशिरा. मला तो उशीरही आवडला.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तो पाळीवरून परस्पर आला. त्याने सगळे सूर पुन्हा लावले. मी मधल्या सप्तकात वाजवत होते, तो मागे पिशवी आवरत होता. त्याच्याकडे बघून बोलायचा धीर नव्हता, म्हणून पट्ट्यांकडे बघतच म्हणाले, "योगराज... उद्या कार्यक्रम संपला की लगेच जाऊ नका. मला तुम्ही आवडता."

मागे चेन ओढल्याचा आवाज आला. मग पावलं.

"येतो, मॅडम," दारातून तो म्हणाला. नेहमीसारखंच.

बस, एवढंच.

कार्यक्रमात मी नीट वाजवलं. पण शेवटच्या रचनेत हात वर गेला, अगदी टोकाच्या सप्तकात, आणि माझ्या अंगावर काटा आला. सूर उतरलेले होते. एक नाही, सगळेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, ते रागाचं. नको होते मी, तर नाही म्हणायचं! माझ्या कार्यक्रमाशी असा खेळ?

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून लिंबायत गाठलं. गल्लीत घराघरांतून लूमचा खडखडाट. योगराजची सुट्टी होती. ओट्यावर पाठमोरा बसून तो पाण्याची मोटर उघडत होता.

"योगराज!"

तो हललाही नाही. मी पुन्हा ओरडले.

दारातून त्याची आई बाहेर आली, मालतीबाई. "हाक मारीसन काय उपयोग, बेटा? समोर जाय. त्याले ऐकू येत नही."

माझे पाय तिथेच थांबले. ती नजर... ते उशिराचं हसू... परवा संध्याकाळची ती माझी पाठ...

मी समोर जाऊन उभी राहिले. त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. आधी वरचे सूर गेले. आता माणसांचं बोलणंही अर्धंच लागतं. लूमचा आवाज, मॅडम... इथे प्रत्येक घरात असं कोणीतरी आहे."

"मग सांगितलं का नाही? वरचं सप्तक कसं लावलंत?"

"बोटाने. अंदाजाने." त्याने मान खाली घातली. "चुकलं ना?"

"चुकलं. आता माझ्या पियानोचे सूर तुम्ही लावायचे नाहीत."

"बरोबर आहे." तो हळूच म्हणाला. "सांगितलं असतं, तर तिसऱ्या दिवशी यायला कारणच उरलं नसतं. म्हणून नाही सांगितलं."

गल्लीतली माणसं बघत होती. मी आवाज न काढता, फक्त ओठ हलवून, परवा संध्याकाळचं वाक्य पुन्हा म्हणाले. त्याने ते वाचलं. चेहरा असा काही झाला की मलाच बघवेना.

आणि ओट्यावर मालतीबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनीही लूमवर ओठ वाचतच काढली होती!

मी बोलावलं म्हणून दुपारी तो माझ्या घरी आला, अडाजणला. मी आधीच पियानोशी बसले होते.

"तुमचं आयुष्य सुरांचं," तो उभ्या उभ्या म्हणाला. "मी काय करू तुमच्यात?"

मी शेवटच्या रचनेतली ती टोकाची धून घेतली आणि दोन सप्तकं खाली आणून वाजवली. जड, सावकाश.

"लागतं का कानाला?"

"लागतं." त्याने पट्ट्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण हे असं नसेल ना लिहिलेलं?"

"नाही. सभागृहात असं वाजवलं तर हसतील."

"मग?"

"सभागृहात कुठे वाजवतेय?"

बाहेर ढग आणखी उतरले होते. त्याने पियानोच्या लाकडावर तळवा टेकवला. "हेही जाईल, तेजस्विनी. डॉक्टर बोलला. लूम सोड म्हणतो. सोडून खायचं काय?"

पहिल्यांदाच त्याने माझं नाव घेतलं होतं... आणि तेही अशा वाक्यात.

"गेलं तर आणखी खाली जाऊ," मी म्हणाले.

"खाली तरी किती पट्ट्या आहेत?"

"कारागीर तू आहेस. तूच सांग."

त्याने डाव्या टोकापर्यंत नजर नेली. "आहेत थोड्या."

मी बाकावर सरकले. तो माझ्या डाव्या बाजूला बसला, खालच्या सुरांपाशी.