जमीन अजून लांब आहे

दिवा जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय. हां. आता सांगते.

दिवस अगदी साधा होता. दुपारची छोटी फेरी, विमान निम्मं रिकामं. माझ्या शेजारी मास्तर होते. ते कप्तान, मी त्यांची सहवैमानिक. नव्या माणसाला एखादी गोष्ट ते इतक्या मायेनं आणि इतकी लांबण लावून समजावायचे, की सगळ्यांनी त्यांचं नाव मास्तर पाडलं होतं. माझी कॉफी गार झाली की न बोलता ती बदलून आणणारा माणूस.

ज्या विमानतळावर उतरायचं होतं, तिथे माझ्या आत्यानं अख्खी नोकरी काढली होती. ती कंट्रोलमध्ये होती. विमानांना वायरलेसवरून वाट दाखवायची, वर-खाली करायची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. घरीसुद्धा ती वायरलेसवर असल्यासारखीच बोलायची. जेवायला हाक मारली आणि मी नुसतं ‘हो’ म्हटलं, तर तिला चालायचं नाही. काय ऐकलंस ते परत सांग, म्हणायची. मग मी जिन्यातून ओरडायचे, ‘जेवायला बोलावलंय, हात धुऊन येते.’ तेव्हा कुठे ताटं वाढली जायची. आवाज मात्र तिनं कधी चढवला नाही. वादळात सापडलेले वैमानिक नुसत्या तिच्या आवाजानं शांत व्हायचे, असं मास्तरच सांगत. ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं. त्यानंतर तिथे उतरायची माझी ही पहिलीच वेळ.

निघायच्या आधी समोर तीन सूचना आल्या. तिन्हींचा विषय एकच, आणि तिन्हींचं म्हणणं वेगळं.

भानगड अशी होती. विमानाच्या पोटाखाली एक यंत्र असतं. ते जमिनीकडे लहरी सोडतं, त्या आपटून परत आल्या की खाली किती अंतर उरलंय ते ओळखतं. उतरताना अगदी शेवटी त्यातला आवाज उंची फुटांत, मोठ्यानं मोजतो. पन्नास, चाळीस, तीस... धुक्यात विमान आपलं आपण उतरतं ते त्याच्याच भरवशावर. त्या विमानतळाजवळ मोबाईलचे नवे टॉवर उभे राहिले होते आणि त्यांच्या लहरी या यंत्राच्या कामात लुडबुड करतात, अशी शंका होती. म्हणून पहिली सूचना म्हणाली, त्या धावपट्टीवर धुक्यात यंत्राच्या भरवशावर उतरू नका. दुसरी म्हणाली, त्या लहरी अडवणारं नवं फिल्टर बसवलेल्या विमानांना ही बंदी नाही. तिसरी आमच्याच कंपनीची. ती म्हणाली, कोणत्या विमानांना सूट आहे ते पुढची सूचना येईपर्यंत गृहीत धरू नये.

आमच्या विमानात फिल्टर आहे का, हे मी इंजिनियरला विचारलं. त्यानं कागद चाळले, डोकं खाजवलं आणि म्हणाला, बसवलं असावं. मास्तर हसले. ‘असावं’वर लग्नं जमतात, विमानं उतरत नाहीत, म्हणाले. पण हवा स्वच्छ होती. नुसत्या डोळ्यांनी उतरायचं ठरवून आम्ही निघालो.

धुकं वाटेत आलं. खाली नदीवरून ते असं पसरत होतं, जसं कुणी हळूहळू अंगावर चादर ओढून घ्यावी. कंट्रोल म्हणालं, धावपट्टी अजून दिसतेय, या. आम्ही खाली उतरायला लागलो आणि दोन मिनिटांत काचेबाहेर काही उरलं नाही. ना आभाळ, ना पंख. भरदुपारी कॉकपिटमध्ये पांढरट, आजारी संध्याकाळ झाली. धावपट्टी दिसेपर्यंत विमान ऑटोपायलटवरच ठेवायचं होतं. कानात खरखर सुरू झाली. आधी बारीक, मग वाळूवरून काहीतरी ओढत न्यावं तशी.

मास्तरांनी कंट्रोलला हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. खरखर.

आणि यंत्र मोजायला लागलं.

‘पन्नास.’

मी दचकून समोर पाहिलं. हवेच्या दाबावर चालणारं साधं उंचीमापक हजार फूट दाखवत होतं.

‘चाळीस.’

‘हे काय...’ मास्तर पुटपुटले.

‘तीस.’

इंजिनांचे दांडे आपोआप मागे सरकले. ऑटोपायलटला वाटलं होतं, जमीन आली, आता इंजिनं शांत करायची. इंजिनांची घरघर बसत गेली. ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. विमानात इतकं शांत कधीच नसतं. वेग गळत होता आणि विमान हळूहळू नाक वर करत होतं, बुडणारा माणूस करतो तसं.

आता मागे वळून पाहिलं तर सोपं वाटतं. पण तेव्हा डोक्यात त्या तीन सूचना एकमेकींत गुंतल्या होत्या. फिल्टर असेल, तर यंत्र खरं बोलतंय, उंचीमापकच चुकतंय आणि आपण खरंच जमिनीपाशी आहोत. नसेल, तर ते खोटं बोलतंय आणि आपण आभाळातून पडायच्या बेतात आहोत. मास्तरांचा हात दांड्यांवर होता, पण हलत नव्हता. माझा तर मांडीवरच राहिला होता.

तेवढ्यात लवंगेचा वास आला. आत्या बोलून बोलून घसा बसला की लवंग चघळायची. बंद कॉकपिटमध्ये, कॉफीच्या आणि तापलेल्या तारांच्या वासातून तो वास अगदी नाकाशी आला. कानातली खरखर थांबली. दाराशी उभं राहून कुणी पायताण काढावं, तशी थांबली.

‘चिमणे,’ आवाज म्हणाला. ‘त्याचं ऐकू नकोस. जमीन अजून लांब आहे. जोर दे आणि वर ये.’

माझ्या तोंडून नुसतं ‘हो’ निघालं.

‘काय ऐकलंस... परत सांग.’

‘जोर देते,’ मी म्हणाले. ‘वर येते.’

आणि माझा हात उठला. मास्तरांचाही त्याच क्षणी उठला. दोघांच्या हातांनी दांडे पुढे ढकलले. विमान थरथरलं, एकदा खचलं. मग इंजिनांनी हंबरडा फोडला आणि आम्ही वर निघालो. त्या दुधातून फुटून बाहेर आलो तर वर लख्ख ऊन.

मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मग कंट्रोलचा आवाज आला, घाबरलेला, तरुण पुरुषाचा. कधीपासून हाका मारतोय, म्हणाला, तुमच्याकडून नुसती खरखर येत होती, आमचा एक शब्दही पोचत नव्हता. धुक्याच्या बाहेर असलेली दुसरी धावपट्टी त्यानं आम्हाला दिली.

‘तू ऐकलंस?’ मास्तरांनी हळूच विचारलं.

‘आत्या होती.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘आत्या?’ म्हणाले. ‘अगं, माझा थोरला भाऊ होता तो, कधीच गेलेला. त्यानंच मला पहिल्यांदा विमानात बसवलं. लहानपणीच्या नावानं हाक मारली त्यानं मला.’ मग डोळे पुसत हसले. ‘अजून रागावतो तसाच.’

आम्ही दुसऱ्या धावपट्टीवर उतरलो. लखलखीत उजेडात, नुसत्या डोळ्यांनी. चाकं टेकली तेव्हा मास्तरांनी माझ्या हातावर थोपटलं. मला रडू येत होतं, पण भीतीचं नाही. वर्षभर जिचा आवाज आठवायला जावं तर निसटायचा, तो आता पुन्हा माझ्या कानात होता. विमान थांबल्यावर मी तशीच बसून राहिले. इतकं सुख मला त्या वर्षात झालं नव्हतं.

मग प्रवाशांना निरोप द्यायला दाराशी गेले. सगळे उतरले. शेवटी एक मध्यमवयीन बाई राहिल्या. हातात फोन. त्या मला म्हणाल्या, मघाशी विमान खाली गेलं तेव्हा स्पीकरवर कोण बोललं?

हवाईसुंदरीनं माझ्याकडे पाहून मान हलवली. कुणीच बोललं नव्हतं. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती.

मला सगळं कळलं. निदान मला तसं वाटलं. मी त्यांचा हात हातात घेतला. आत्यामुळे मन इतकं भरून आलं होतं, की हे सुख त्यांच्याशी वाटून घ्यावंसं वाटलं.

‘कोणाचा आवाज होता?’ मी विचारलं.

‘ह्यांचा. घाबरू नकोस, मी आहे, म्हणाले.’

‘कधी गेले ते?’

त्या गोंधळल्या. ‘कुठे जातील? आत्ता दुपारी मला विमानतळावर सोडून घरी गेले. मला वाटलं, गंमत म्हणून तुमच्याकडे आवाज भरून ठेवला असेल. तसे चेष्टेखोर आहेत.’

मी हात सोडला नाही. सोडता येईना.

त्यांनी फोन कानाला लावला होता. मला रिंग ऐकू येत होती. ‘उचलत कसे नाहीत,’ त्या म्हणाल्या. कापला आणि पुन्हा लावला.

खाली बसवाला हॉर्न देत होता. त्या जिना उतरल्या, फोन कानाशी तसाच. बसमध्ये चढताना एकदा माझ्याकडे वळून हसल्या, आणि बोटानं खूण केली, की लागलाय... उचलला बहुतेक.

मग त्या नुसत्याच ऐकत राहिल्या. बस हलली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू उरलं नव्हतं.