ओढ्याचे दगड घासू नयेत

त्या सकाळी माझ्या जाळीत एखादी अळी यायला हवी होती. आला तो कपडे घासायचा ब्रश!

मी ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी होते. पायाने तळ ढवळायचा, खालच्या बाजूला जाळी धरायची आणि वाहत आलेले किडे मोजायचे, ही आमची ओढ्याची तब्येत तपासायची रीत. डॉक्टर नाडी बघतात, मी अळ्या बघते; पाणी स्वच्छ तर अळ्या भरपूर.

"अहो... तो माझा आहे!"

काठावर एक तरुण धापा टाकत उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, शर्ट डोळे दिपतील असा पांढरा.

"पुरावा?" मी ब्रश उंच धरला.

"मागे 'लाँड्री' लिहिलंय. आणि मी लाँड्रीवाला."

तो हसला. एकाच गालाला खळी पडली. मी घाईघाईने जाळीत पाहिलं... कामाच्या वेळी खळ्या मोजायच्या नसतात.

त्याची लाँड्री तिथेच, काठावर. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल तिथे धुतले जात आणि वापरलेलं पाणी तीन टाक्यांतून गाळून ओढ्यात सुटत असे. ते खरंच स्वच्छ सुटतं का, हे माझा अहवाल ठरवणार होता. ओढा नापास झाला तर परवाना जाणार आणि त्याच्या वडिलांनी हयात घालून उभी केलेली लाँड्री बंद पडणार.

मी ट्रेमध्ये जाळी उलटी केली. वाळू, दोन पानं, एक गोगलगाय. बस्स.

"किती मार्क?" त्याने वाकून विचारलं.

"शंभरपैकी... चार."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मी कितीतरी ओढे नापास केलेत, पण असं वाईट कधी वाटलं नव्हतं. बरं, पाण्याची चाचणी तर उत्तम आली होती! मग किडे गेले कुठे? मी एक दगड उचलला. शेवाळाचा कणही नाही, ताटासारखा लख्ख. मी दगडाकडे पाहिलं, ब्रशकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुम्ही... दगड घासलेत?"

"तीन दिवस!" तो अभिमानाने म्हणाला. "मी आणि बाबांनी. तपासणी म्हटल्यावर ओढा तसाच कसा ठेवायचा? आमच्याकडे डाग दिसला की घासायचाच."

मी काठावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"अहो, शेवाळ म्हणजे त्यांचं जेवण. दगडाखालची फट म्हणजे घर. पाहुणे येणार म्हणून तुम्ही घरच्यांनाच हाकलून दिलंत!"

त्याने कपाळावर हात मारला. सुदैवाने आमच्या नियमात सोय होती. तळ कुणी हलवला असेल तर तसं नोंदवून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

"आता एकाही दगडाला हात लावायचा नाही," मी बजावलं. "किडे वरच्या प्रवाहातून आपोआप वाहत येतील."

"आणि हात शिवशिवले तर?"

"तर... मला फोन करा."

हे मात्र नियमात नव्हतं.

हात त्याचे रोजच शिवशिवायचे. पहिल्या आठवड्यात त्याला अळी दिसली, ती काडी निघाली. दुसऱ्या आठवड्यात बाबा गुपचूप ब्रश शोधताना सापडले, म्हणून कपाटाला कुलूप लागलं. चौथ्या आठवड्यापर्यंत किड्यांचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं आणि फोन तासभर चालायचा.

"ती दोन शेपट्यांची येईल ना हो?" तो विचारायचा. ती अळी सगळ्यांत चोखंदळ. पाणी जरा बिघडलं की टिकत नाही. ती आली की ओढा पास.

"तिचे नखरे फार असतात."

"सवय झालीये मला... नखऱ्यांची."

मी खोटं खोटं रागावायचे. पण ती आलीच नाही तर? त्याची लाँड्री बंद करणारी सही मीच करायची? त्या भीतीनेच मला कळलं, की मी त्याच्या प्रेमात पडलेय. पार बुडालेय.

तपासणीच्या दिवशी मी जाळी ऑफिसातल्या मोठ्या बाईंच्या हातात दिली.

"तुम्ही नाही मोजणार?" तो घाबरला. "माझं काही चुकलं का?"

मी फॉर्म त्याच्यापुढे धरला. 'तपासणाऱ्याचे संबंधितांशी नाते आहे काय?' चार वर्षं मी न वाचताच 'नाही' लिहीत आले होते. त्या दिवशी लिहिलं होतं – 'आहे'.

त्याने ते दोनदा वाचलं. कान लाल झाले.

"पुढे 'कोणते' असं विचारलंय..."

"ते मी रिकामं ठेवलंय," मी ओढ्याकडे बघत म्हटलं.

त्याने माझ्या हातून पेन घेतलं. तेवढ्यात पाण्यातून बाई ओरडल्या, "अगं, दोन शेपट्यांची! एक नाही, पाच आहेत!" काठावर बाबांनी चक्क उडी मारली.

"अहो, पास झालात!" मी त्याचा दंड हलवला.

"थांबा हो, महत्त्वाचं लिहितोय."

त्याने फॉर्म परत दिला. अक्षर वाकडं आलं होतं – 'होणारा नवरा?'

मी पेन घेऊन प्रश्नचिन्ह खोडलं. फॉर्मवर खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते.

मी केली.