शेऱ्याचा रकाना

विज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्याला शोध लावावे लागत नाहीत. ते कुणी, कधी लावले एवढंच नीट सांगायचं असतं. एवढं एकच काम, आणि तेही मी एकदा धड केलं नाही.

माझं नाव झालं ते एका वेधशाळेतल्या निरीक्षकावरच्या पुस्तकामुळे. दीडशे वर्षांपूर्वीचा हा माणूस राहत्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात टांगलेले दोन तापमापक रोज सकाळी सहाला वाचायचा. एक कोरडा, एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला. सात वर्षं एक दिवस खाडा नाही. मग वहीत नऊ दिवसांच्या नुसत्या तारखा आणि पुढे कोरी पानं. त्या नऊ दिवसांचे आकडे मी घरी चहा पीत बसवले. आलेख तुटका दिसत होता, दुसरं काय! आणि इतका नेटका माणूस थांबला का, याला कारण हवं म्हणून लिहून टाकलं, 'त्याचे डोळे गेले असावेत.' 'असावेत' हा आमच्या धंद्यातला मोठा सोयीचा शब्द आहे.

सव्वीस वर्षं ती वही कुणी उघडली नाही. गेल्या आठवड्यात एका तरुण संशोधकाचं पत्र आलं. चौथ्या दिवशी ओला पारा कोरड्याच्या वर दाखवलाय, असं होऊच शकत नाही, सोमवारी येऊन मूळ वही बघतो म्हणे. मी घाईत रकाने उलटे भरले होते. आता पितळ उघडं पडणार, आयुष्यभराची अब्रू जाणार. नवरा म्हणाला, खरं काय ते सांगून टाक. त्याला काय जातंय सांगायला!

शुक्रवारी सकाळीच मी अभिलेखागार गाठलं. ती पानं कापून आणणार होते, स्पष्टच सांगते. पर्समध्ये ब्लेड होतं.

पानं कोरी नव्हती. नऊही दिवस भरलेले होते. आकडे माझे, अक्षर त्याचं. क्षणभर जिवात जीव आला, खोटं कशाला बोलू. मग चौथा दिवस दिसला. ओला पारा वर. शेजारी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "असे होऊ शकत नाही. तीनदा पाहिले. तसेच आहे."

शाई जुनी, तपकिरी पडलेली. ही वही आणखी कुणी मागवली होती का, असं मी तिथल्या बाईंना विचारलं. त्यांनी रजिस्टर दाखवलं. माझ्याशिवाय कुणीच नाही.

नवव्या दिवसानंतर पुढच्या पानांवरही नोंदी होत्या. अक्षर मोठं होत गेलेलं, ओळी रकान्याबाहेर सरकलेल्या. मग अक्षरच बदललं. कच्चं, जोर देऊन काढलेलं.

"बाबांना दिसत नाही. आकडे मी वाचते."

पुस्तकात मी त्याला मुलगी दिलेलीच नव्हती. म्हणजे ती खरी होती.

मग आठवलं. छपाईला गेलेल्या नव्या आवृत्तीत, प्रकरणाला शेवट हवा म्हणून, मी एक वाक्य घातलं होतं. 'त्याच महिन्यात तो वारला असावा.'

बाहेर जाऊन प्रकाशकांना फोन लावला. ते वाक्य काढा, मी म्हणाले.

"मॅडम, सकाळीच छापून झालं. पहिली प्रत माझ्या हातात आहे."

"फाडा ती. पाया पडते तुमच्या."

ते हसले. त्यांना थट्टा वाटली.

मी परत आले. वही तशीच उघडी होती. पान उलटलं.

"आज मी एकटीने नोंद घेतली. बाबा उठले नाहीत."

खाली दुसरा दिवस. आकडे चोख. "बाबा झोपलेत."

तिसरा. "बाबा झोपलेत. पांघरूण घातले."

चौथ्या दिवशी दोन पाऱ्यांच्या खाली तिने तिसरा आकडा लिहिला होता. शेऱ्यात एकच शब्द होता, "बाबा."

तो आकडा कोरड्या पाऱ्याइतकाच होता.