दुसरा खातेदार

तो फोन खरं तर तिचा नव्हताच!

शेअर दलालांच्या त्या ऑफिसात नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला दोन टेबलं होती. शेजारच्या काकू चहाला गेल्या, त्यांचा फोन वाजतच राहिला, आणि भिंगरीनं खुर्चीसकट सरकत जाऊन तो उचलला. हो, भिंगरीच! सगळं ऑफिस तिला तसंच हाक मारायचं. ती चालायची कमी आणि गरगरायची जास्त.

"नमस्कार! शेअर बाजाराबद्दल काय विचारायचंय?"

पलीकडे शांतता... म्हणजे अगदीच शांतता नव्हे. एक बारीक घूं-घूं. एखाद्या प्रचंड खोलीत कुणीतरी झोपेत श्वास घेतंय तशी. मग एक आवाज आला. तरुण, हळुवार आणि – तिला दुसरा शब्दच सुचेना – गार.

"शेअर म्हणजे नेमकं काय हो?"

भिंगरीला हसू फुटलं. "कंपनीचा एक तुकडा. चिमूटभरच असतो, पण तेवढा खरोखर तुमचा."

"माझा..." तो शब्द त्यानं चव घेतल्यासारखा उच्चारला. "बरं वाटलं. कागदावर मी कुठे उरलोय की नाही, तेच कळत नव्हतं."

फोन कट. घड्याळात पावणेचार वाजले होते. साडेतीनला बाजार बंद झाला की ऑफिस कसं ओस पडतं! पडद्यावरचे हिरवे-लाल आकडे जागच्या जागी थिजतात. भिंगरीच्या मानेवर मात्र बारीक काटा उभा राहिला होता... आणि गंमत म्हणजे, तो तिला आवडला होता.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशीही. तिनं त्याचं नावच ठेवून टाकलं – पावणेचार!

"किती पैशांपासून सुरुवात करावी?"

"जेवढे बुडाले तरी झोप उडणार नाही, तेवढे."

"मला झोप कुठे येते? इथे दिवस कुठला, रात्र कुठली, पत्ता लागत नाही."

"असे आहात तरी कुठे?"

"आत."

"मग येत जा की बाहेर! ऊन छान असतं."

"येतो ना. रोज पावणेचारला." थोडं थांबून, "फक्त तुमच्यासाठी."

आता सांगा, यावर कुणाचे गाल तापणार नाहीत? तिचे तर कानसुद्धा तापले. तेही हातातला फोन बर्फासारखा लागत असताना.

प्रश्न अगदी पहिलीतल्या मुलाचे असायचे. सगळेच पैसे बुडू शकतात का? ("सगळे एकाच कंपनीत टाकलेत तर हो.") भाव पडला की लगेच विकून टाकू? ("ज्या कारणासाठी घेतलेत ते कारण संपलंय का, ते आधी बघा.") कुणी खात्रीची टिप दिली तर? ("खात्री असती तर तो तुम्हाला कशाला सांगत बसला असता?") तो हसायचा. हसणं सुरू व्हायचं आणि मध्येच गोठायचं, आणि मागे कुठेतरी एक जड दार धप्पकन बंद व्हायचं.

घरी ताईनं कपाळावर हात मारला. "फोनवरच्या आवाजावर भाळलीस? दुरून डोंगर साजरे, बाई! विचार तरी, करतो काय?"

"विचारलं. म्हणाला, फुलं सांभाळतो. लग्नाची आणि प्रेतयात्रेची. दोन्हीकडे तीच पांढरी फुलं जातात म्हणे."

ताईच्या हातातला कंगवा केसांतच राहिला. "भिंगरे... हा माणूस मला बरा वाटत नाही."

तिसऱ्या आठवड्यात त्यानं वेगळाच प्रश्न विचारला. "एक शेअर घ्यायचाय मला. एकच. पण बटण दाबलं की 'आपली नोंद चालू नाही' असं येतं. असं का?"

"खातं कुणाच्या नावावर आहे?"

"बाबांच्या आणि माझ्या. पहिले खातेदार बाबा, मी नुसता दुसरा."

"मग बाबांनाच विचारा की."

घूं-घूं... घूं-घूं...

"बाबा आता माझ्याशी बोलत नाहीत. मी रोज बोलतो त्यांच्याशी. पण उत्तर येत नाही."

तिनं खाते क्रमांक लिहून घेतला. खरं तर नवख्यांच्या टेबलावरून कुणाचं खातं उघडायचं नाही, असा नियम होता. तिनं उघडलं. पडद्यावर दोन ओळी आल्या.

पहिला खातेदार : हयात.

दुसरा खातेदार : मृत.

पुढे चार महिन्यांपूर्वीची तारीख.

भिंगरीचं गरगरणं आयुष्यात पहिल्यांदा थांबलं. बाबा बोलत नाहीत... कागदावर मी उरलोय की नाही... आत... एकेक वाक्य थंडगार बोटांनी तिच्या पाठीवरून चालत गेलं.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला तिनं पहिल्याच घंटेला फोन उचलला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "चार महिन्यांपूर्वी... काय झालं होतं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हाला... तुम्हाला फार दुखलं का तेव्हा?"

"त्या दिवसाचं काही आठवतच नाही मला. एवढंच आठवतं, की खूप माणसं जमली होती, आणि कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं." धप्प. दार. "जायला हवं. बोलावतायत."

तिला रडू आलं. भीतीनं नव्हे हो! भीती होतीच, पण तिच्याही खाली, खूप खोल, वेगळंच काहीतरी दुखत होतं. आपल्याला आवडलेला माणूस या जगात आहे तरी का? हे कळल्याशिवाय ती एक घास गिळू शकणार नव्हती.

खात्यावर पत्ता होता. ताई म्हणाली, "मी येते सोबत." भिंगरी म्हणाली, "तू फाटकापाशी थांब. अर्ध्या तासात आले नाही, तर ओरड."

पत्ता एका कोल्ड स्टोरेजचा निघाला. लांबलचक, बिनखिडक्यांची इमारत. पहारेकऱ्यानं न बोलता अंगात घालायला एक जाड कोट दिला आणि आत बोट दाखवलं. प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्या बाजूला सारून ती शिरली, आणि त्याच घूं-घूंनं तिला चारही अंगांनी लपेटलं.

दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर पांढऱ्या कागदात गुंडाळलेली लांब लांब पुडकी, एकाशेजारी एक निजवलेली. कागदाच्या टोकांतून पांढरी फुलं डोकावत होती. ना कोमेजलेली, ना ताजी. जणू कुणीतरी त्यांना "थांबा" म्हणालं होतं. तिच्या तोंडून प्रत्येक श्वासाची वाफ निघत होती. टोकाला पाठमोरा एक उंच माणूस उभा होता.

"पावणेचार?" तिचा आवाज चिरकला.

तो वळला. फिकट चेहरा, पापण्यांवर हिमाचे कण, नाकापर्यंत गुंडाळलेला मफलर.

"तुम्ही... तुम्ही इथे?" तो म्हणाला.

आणि वाफ आली नाही.

भिंगरी मागे सरकली, पाठ फळीला टेकली. तिची वाफ भराभर निघत होती, दोघांच्या मधोमध विरत होती... एकटीच. तो एक पाऊल पुढे आला. अजून एक. मग त्यानं हात वर केला आणि मफलर खाली ओढला.

"घाबरलात का हो?"

वाफ! ढगभर वाफ! त्याच्या ओठांतून निघालेली जाड, पांढरी, जिवंत वाफ थेट तिच्या गालावर आली. कोमट होती ती!

भिंगरी मटकन खाली बसली आणि हसत हसत रडायला लागली.

"तुम्ही जिवंत आहात!"

"आहे... निदान सकाळपर्यंत तरी होतो." तो गोंधळून तिच्यासमोर उकिडवा बसला. "का?"

"तुमच्या नावापुढे मृत लिहिलंय! आणि बाबांच्या नावापुढे हयात!"

तो हसला नाही. पापण्यांवरचा हिमाचा कण वितळून गालावर उतरला. "बाबा गेले चार महिन्यांपूर्वी. शेअरचं सगळं तेच बघायचे, मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. दाखला मी स्वतः तुमच्या ऑफिसात दिला होता. काउंटरवर एक मुलगी होती. वरसुद्धा न बघता घेतला आणि म्हणाली, 'झालं, पुढचे!'"

चार महिन्यांपूर्वी... नोकरीतला तिचा पहिला आठवडा. अर्जावर दोन नावं, पडद्यावर दोन ओळी, समोर ही लांब रांग. एक ओळ खाली खूण केली, की झालं!

ती गप्प राहू शकली असती. त्याला कधीच कळलं नसतं.

"ती मीच," ती म्हणाली. "मीच तुम्हाला मारलं."

घूं-घूं... घूं-घूं...

"आणि रोज पावणेचारला जिवंत कोण करत होतं?" तो शेवटी म्हणाला. "तीही तुम्हीच."

बाहेरून ताईची आरोळी आली. अर्धा तास झाला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं मॅडमसमोर उभे राहिले. मॅडम म्हणजे ऑफिसच्या मोठ्या साहेब. त्या ओरडत नसत, नुसता चष्मा काढत. त्यांनी चष्मा काढला.

"धडधाकट माणूस चार महिने मारून ठेवलास?"

"हो, मॅडम. चूक माझीच आहे."

"तुझ्या नोकरीचं काय करायचं ते नंतर बघू. आधी नोंद सुधार."

भिंगरीच्या टेबलापाशी येऊन मॅडमनी अर्ज काढला. खातेदार हयात असल्याची खात्री. भिंगरीनं पडद्यावरची खालची ओळ बदलली. आता वरची, बाबांची, राहिली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून मान डोलावली. तिनं बटण दाबलं, आणि त्याच क्षणी तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

पावणेचार झाले होते. आणि तो तर तिच्या शेजारीच उभा होता!

तिनं फोन कानाला लावला. शांतता. मग एक म्हातारं, समाधानी खाकरणं. फोन ठेवला गेला.

"कोण?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"कुणी बोललं नाही. नुसतं खाकरलं..."

त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. "बाबा असेच खाकरायचे. एखादं काम मनासारखं झालं की."



"फोन पुरे!" मॅडमनी अर्जावर बोट आपटलं. "जिवंत आहे असं लिहून देणाऱ्याचं खातेदाराशी नातं काय? हा रकाना रिकामा चालत नाही."

भिंगरीनं पेन उचललं... आणि तिथेच थांबली. "काय लिहू? खोटं लिहिलं तर नोकरी जाईल."

"मग खरं लिही," तो म्हणाला.

लिहा नव्हे. लिही.

तिनं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा इतकं हळू, एकेक अक्षर निरखून.

मॅडमनी चष्मा चढवला, वाचलं, दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मोठ्यानं वाचू?"

"नको!" दोघंही एकदम म्हणाले.

"तपासलं. बरोबर आहे," म्हणत मॅडमनी शिक्का हाणला. टेबलाआड एका गारेगार हातानं भिंगरीचा हात शोधला, आणि तिनं तो घट्ट धरून ठेवला. ऊब यायला बराच वेळ लागणार होता. तिला मुळीच घाई नव्हती.